कूस आमची, सूक्ष्मदर्शक कोणाचा?



बी.एस्सी.चा निकाल लागला की देवळी-पुलगावपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत आपल्या वस्त्यांमध्ये एकच चर्चा सुरू होते. बी.एड. करायचे, एमपीएससीचा क्लास लावायचा, की पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला लागायचे? प्राणिशास्त्रात चांगले गुण मिळवलेल्या मुलीलाही याच तीन दारांसमोर उभे केले जाते. "तू पुनरुत्पादन जीवशास्त्र घे, भ्रूणशास्त्रात एम.एस्सी. कर, पुढे पीएच.डी. कर" असे तिला कोणी सांगत नाही. कॉलेजात सांगत नाहीत, घरी सांगत नाहीत, करिअर मार्गदर्शन शिबिरातही सांगत नाहीत. अशा शिबिरांच्या पत्रिका काढून बघा. यूपीएससी आहे, बँकिंग आहे, परदेशी शिष्यवृत्ती आहे. गर्भ, बीज, गर्भाशय हे शब्द त्यात सापडत नाहीत. हे शब्द आपल्याकडे बायांनी कुजबुजत बोलायचे असतात, दवाखान्याच्या रांगेत.

आमचे म्हणणे सरळ आहे. आपल्या आया-बहिणींच्या शरीरावर ज्या ज्ञानाची सत्ता चालते, ते ज्ञान ज्या वर्गात शिकवले जाते त्या वर्गात आपण जवळपास नाही. ऑपरेशनच्या टेबलावर आपण आहोत. वॉर्डात लादी पुसायला आपण आहोत. गरोदर बाईला उपकेंद्रात घेऊन जाणारी आशाताई पुष्कळदा आपल्यातली असते. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली व्यक्ती कोण, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळात कोण, नैतिक समितीच्या खुर्चीवर कोण, हे विचारले की सभागृह शांत होते.

आधी हे शिक्षण म्हणजे काय ते बघू, कारण नुसत्या नावाने लोक बिचकतात. टेस्ट ट्यूब बेबी म्हटले की आपल्याला डॉक्टरीणबाई आठवतात. पण डॉक्टर स्त्रीबीज शरीराबाहेर काढून देतात, तिथून पुढचे काम प्रयोगशाळेत बसलेल्या भ्रूणतज्ञाचे असते. स्त्रीबीज असते मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याएवढे. केसाहून बारीक काचेच्या सुईने त्यात एकच शुक्राणू सोडायचा. मग ते ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायचे, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण राखायचे, रोज पेशींचे विभाजन तपासायचे. पाचव्या दिवशी भ्रूण गर्भाशयात सोडायचे की उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचे, ते ठरवायचे. हे काम करणाऱ्याला एमबीबीएस लागत नाही. प्राणिशास्त्र, जीवतंत्रज्ञान किंवा जीवरसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी भ्रूणशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाने इथे पोचू शकते. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानंतर तर टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार करणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला पात्र भ्रूणतज्ञ ठेवणे भागच आहे. म्हणजे नोकरी आहे, पगार आहे, आणि आपल्या खेड्यातल्या बी.एस्सी. मुलीच्या आवाक्यातली पात्रता आहे. अडते कुठे, ते पुढे येईलच.

आता काही जण म्हणतील, हा श्रीमंतांच्या चोचल्यांचा विषय, आंबेडकरी चळवळीचा याच्याशी काय संबंध? त्यांनी आपलाच इतिहास पुन्हा वाचावा. आणि तो वाचायला लांब जायची गरज नाही, वर्ध्यातच सुरुवात करता येते.

१९३५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या कार्यकर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला आल्या, गांधीजींना भेटल्या. गरीब बाईला सततच्या बाळंतपणातून सोडवायचे तर गर्भनिरोधक साधने तिच्या हातात द्या, असा त्यांचा आग्रह होता. गांधीजींनी तो मानला नाही. साधने नकोत, संयम हवा, ब्रह्मचर्य हवे, बाईने नवऱ्याला नकार द्यायला शिकावे, असे त्यांचे उत्तर होते. नकार द्यायला शिकावे! दिवसभर कापूस वेचून आलेल्या, दारू प्यालेल्या नवऱ्यासमोर उभ्या असलेल्या बाईला हे सांगणे म्हणजे काय, ते आमच्या कौटुंबिक अत्याचाराच्या केसेस हाताळणाऱ्या मैत्रिणींना विचारा. या मुद्द्यावर गांधीवादी मित्रांशी आमचे कधी पटले नाही आणि पटणारही नाही. बाईच्या दुःखाला पुरुषाच्या तपश्चर्येचे औषध कसे चालेल?

त्याच्या एक वर्ष आधी, १९३४ साली, बाबासाहेब मुंबईच्या न्यायालयात र. धों. कर्व्यांचे वकीलपत्र घेऊन उभे होते. कर्वे म्हणजे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे, १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र सुरू करणारे, आणि या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गमावलेले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे छापली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिक विषयावरचे शास्त्रीय लेखन म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू भर न्यायालयात कोणी मांडली, हे आपल्या पोरांना ठाऊक आहे का? महाडचे पाणी ठाऊक आहे, काळाराम ठाऊक आहे. हा खटला का ठाऊक नाही?

पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी सभागृहात वाचले. सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा, साधने उपलब्ध करून द्यावीत, अशी मागणी होती. बाळंतपणात मरणाऱ्या बाया, एकामागून एक मुलांनी खंगलेले शरीर, त्यातून वाढणारे दारिद्र्य, हा सगळा हिशेब त्या भाषणात होता. ठराव पडला. चार वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, नागपूरला दलित महिला परिषदेत हजारो बायांसमोर बाबासाहेब पुन्हा तेच बोलले: लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका. त्या परिषदेला गेलेल्या आज्या आपल्या विदर्भातल्याच होत्या. प्रजननाचा प्रश्न हा आपल्या चळवळीचा पाहुणा नाही, तो घरचाच आहे.

आणि त्याच्याही मागे जा. गावात बाळंतपण करणारी सुईण कोण होती? विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक गावांत ती महार-मांग समाजातली. पाटलाच्या वाड्यात तिला एरवी पायरीच्या वर येऊ देत नसत. पण वाड्यातली सून अडली की हिलाच बोलवायचे. हिनेच बाळ फिरवायचे, हिनेच नाळ कापायची, हिनेच वार पुरायची, आणि मूल रडले की हिनेच अंगणात जाऊन उभे राहायचे, कारण विटाळ. ज्ञान तिच्या बोटांत होते आणि त्याच ज्ञानापायी ती बाटलेली ठरत होती. मग प्रसूतिशास्त्र आले, त्याला पदवी लागली, काचेचे दार लागले, फी लागली. काम पवित्र झाले आणि हात बदलले. आम्ही समाजशास्त्राच्या वर्गात श्रमविभाजन आणि श्रमिकांचे विभाजन यावर पानेच्या पाने लिहिली. हे उदाहरण त्या वर्गात कोणी दिले नाही.

अभ्यासक्रमात कोण बसते याने काय फरक पडतो, असे विचारणाऱ्यांना आम्ही सेवाग्रामला घेऊन जाऊ इच्छितो. हेही वर्धा जिल्ह्यातलेच. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली, खेड्यासाठी डॉक्टर घडवायचे म्हणून. (याच सुशीला नायर १९६२ ते १९६७ केंद्रात आरोग्यमंत्री होत्या आणि त्यांच्याच काळात, १९६५ मध्ये, लूप देशभर पोचली. वर्ध्यातला १९३५ चा तो नकार तीस वर्षांत असा वळला.) गांधीवादाशी आमचे भांडण आहे ते आहेच. पण या संस्थेत एक काम झाले, आणि ते आपण मोकळेपणाने मानले पाहिजे.

तिथले न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी एमबीबीएसच्या पुस्तकांत 'कौमार्याची लक्षणे' या नावाखाली काय शिकवले जाते ते बाहेर काढले. पुस्तकांत 'खरी कुमारी' आणि 'खोटी कुमारी' असे प्रकार होते. योनिपटलावरून, बोटे किती सहज आत जातात यावरून, बाईचे चारित्र्य ठरवायचे धडे होते. पुरुषाच्या कौमार्याचे लक्षण मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हते! याला कसलाही वैज्ञानिक आधार नाही, हे त्यांनी अहवाल करून विद्यापीठाला आणि सरकारला कळवले. २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हा भाग दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातून काढला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या काही महिने आधी, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, अशा चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले होते. त्याच वर्षी आपल्या राज्यात कंजारभाट समाजातली तरुण पोरे लग्नाच्या रात्रीच्या पांढऱ्या चादरीविरुद्ध 'स्टॉप द व्ही रिच्युअल' म्हणत उभी राहिली होती. जातपंचायतीची चादर आणि विद्यापीठाचे पुस्तक, दोघे एकच गोष्ट सांगत होते. फरक एवढाच की पुस्तकाला परीक्षेत गुण होते.

आता हा धडा डोळ्यासमोर ठेवून खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा आणि प्रियंका भोतमांगे यांच्या मृतदेहांची पहिली तपासणी कशी झाली, त्यावर किती प्रश्न उठले, मृतदेह पुन्हा उकरून तपासावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. खटल्यात बलात्कार सिद्ध झाला नाही, ॲट्रॉसिटीही लागू झाली नाही. तपासणीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला काय शिकवले होते, काय शोधायचे आणि काय सोडून द्यायचे हे त्याने कोणत्या पुस्तकातून घेतले होते, हा प्रश्न मोर्चात विचारायचा राहून जातो. दोन बोटांच्या चाचणीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बोट ठेवले, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा ठेवले आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासायला सांगितले. तरीही २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्याचा जुना मजकूर परत आला, आणि ओरड झाल्यावर मागे घ्यावा लागला. म्हणजे एकदा जिंकलेली ओळसुद्धा पहारा दिल्याशिवाय टिकत नाही. आमचा आग्रह एवढ्यासाठीच आहे की पहाऱ्यावर आपली माणसे हवीत, आणि ती पदवी घेऊन आत बसलेली हवीत. बाहेर घोषणा द्यायला आपण पुरेसे आहोत.

हे ज्ञान कोणाच्या पैशाने उभे राहिले तेही पाहू. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातले पहिले शास्त्रीय नोंदी असलेले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. डॉ. इंदिरा हिंदुजा होत्या, आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. केईएम हे महापालिकेचे रुग्णालय. परळची संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे सरकारची. (त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे करून दाखवले होते, पण चौकशी समितीने त्यांची टवाळी केली आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. त्यांचे श्रेय त्यांना मिळावे म्हणून पुढे झटले ते हेच आनंद कुमार. विज्ञानातही एवढा प्रामाणिकपणा रोज दिसत नाही.) तात्पर्य, पालिकेच्या दवाखान्यात, जनतेच्या करातून हे शास्त्र इथे रुजले. आज ते कुठे आहे? शहरातल्या चकचकीत इमारतीत, जिथे एका प्रयत्नाचा खर्च आपल्या शेतमजुराच्या वर्षभराच्या मजुरीहून जास्त होतो. आणि ते शिकायचे असेल तर? सार्वजनिक विद्यापीठांत या विषयाच्या जागा मोजक्या. बाकी खासगी आणि अभिमत संस्था, आणि काही आठवड्यांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला लाखाच्या घरात फी घेणारी केंद्रे.

हिंगणघाट तालुक्यातली आमच्या ओळखीची एक मुलगी आहे. आई शेतमजूर, प्राणिशास्त्रात पहिला वर्ग. भ्रूणशास्त्राच्या प्रवेशाची चौकशी करायला ती राज्यातल्या एका खासगी संस्थेत गेली. संस्थेचे नाव इथे घेत नाही. खिडकीवरच्या माणसाने आधी फीचा कागद पुढे सरकवला आणि जातीचा दाखला दिसताच सांगितले, "शिष्यवृत्तीवाल्यांचं इथं जमत नाही, पैसे आधी भरावे लागतात." नियम काय, शासन निर्णय काय, काही नाही. जमत नाही, एवढेच. ती आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने गोळा करते.

हा एका खिडकीचा प्रश्न नाही. संविधानाच्या कलम १५(५) ने खासगी संस्थांत, त्या अनुदानित असोत की विनाअनुदानित, आरक्षणाचा कायदा करण्याची मुभा २००५ च्या ९३ व्या दुरुस्तीने दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती वैध ठरवली. मुभा आहे, केंद्राचा कायदा मात्र आजही नाही. अभिमत विद्यापीठांच्या एमबीबीएसच्या जागांवरसुद्धा अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण लागू होत नाही, तिथे भ्रूणशास्त्राच्या दहा-वीस जागांची काय कथा! २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीनेच खासगी उच्च शिक्षणात आरक्षणाचा कायदा करा अशी शिफारस केली. त्या शिफारशीवर आपल्याकडे किती सभा झाल्या? आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा बघा. बाप चतुर्थ श्रेणी कर्मचारी असला तरी मुलगी शिष्यवृत्तीच्या बाहेर फेकली जाते.

दुसऱ्या बाजूला आपली शरीरे किती सहज उपलब्ध आहेत पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित बायांपैकी ३७.९ टक्के बायांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांची? ०.३ टक्के. स्त्रीची शस्त्रक्रिया पोटातली, पुरुषाची तुलनेने सोपी, लवकर बरी होणारी. हे प्रत्येक प्रजनन जीवशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले आहे. तरी ऑपरेशन बाईचेच. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यात पुरुष जास्त होते, आणि त्यात गरीब, दलित, मुसलमान कसे ओढले गेले ते सर्वांना माहीत आहे. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर करणारे पहिले विधिमंडळ आपल्या महाराष्ट्राचे होते, १९७६ मध्ये. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. बाबासाहेबांनी मागितले होते ते बाईच्या हातातले साधन. सरकारने दिले ते टार्गेट. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही त्याने 'बाबासाहेबांचा पण कुटुंबनियोजनाला पाठिंबा होता' असे म्हणून सक्तीचे समर्थन करू नये.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचे उदाहरण तर अंगावर काटा आणते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीने पाहणी केली तेव्हा ८० हजारांहून अधिक बायांपैकी १३ हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली निघाली. पाळीत सुट्टी मिळत नाही, खाडा झाला की मुकादम दंड लावतो, पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेले की कॅन्सरची भीती घातली जाते, आणि तिशीतल्या बाईची पिशवी निघते. यात दलित आणि भटक्या-विमुक्त बाया मोठ्या संख्येने. अंगावरून जाण्याला साध्या जंतुसंसर्गाचे औषध पुरते की नाही, हे त्या बाईला तिच्या भाषेत सांगणारी, तिच्याच तांड्यातली, शिकलेली मुलगी तिथे असती तर? १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी 'लॅन्सेट'मध्ये मांडली. ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि नसबंदी, एवढेच जगाला ठाऊक होते. दोन गावांत जाऊन कोणीतरी विचारले, म्हणून चित्र बदलले. आता विचार करा, विचारणारी त्या गावातलीच असेल तर ती आणखी काय काय विचारेल.

सिकलसेलचे घ्या. विदर्भात हा आजार आदिवासींबरोबर आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आहे, हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तपासता येते. भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वीच तपासण्याचे तंत्रही आहे, पण ते पैसेवाल्यांसाठी. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने २०४७ पर्यंत सिकलसेल संपवण्याचे अभियान जाहीर केले. वस्तीवस्तीत कार्ड वाटणे सुरू आहे. पण लाल-पिवळ्या कार्डावर लग्ने मोडताना आम्ही पाहिली आहेत. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे समजावणारा जनुकीय समुपदेशक तालुक्याला एक तरी आहे का? हे पद भरायचे तर शिक्षण लागते. ते शिक्षण कोणी घ्यायचे, आपण नाही तर?

मैदान आपण रिकामे ठेवले की तिथे कोण येते तेही पाहा. गर्भसंस्काराच्या नावाखाली 'उत्तम संतती'ची दुकाने चालू आहेत. २०१७ मध्ये आरोग्य भारतीच्या गर्भविज्ञान संस्कार प्रकल्पाच्या बातम्या आल्या, त्यात मूल उंच आणि गोरे व्हावे याचे उपाय होते. २०२० मध्ये लखनौ विद्यापीठाने गर्भसंस्काराचा अभ्यासक्रम जाहीर केला. आता भारतीय ज्ञानपरंपरेच्या नावाने श्रेयांक मिळतात, तेव्हा हे सगळे आपल्याही विद्यापीठांच्या दारात येणार. वर्ण गुणसूत्रात शोधणारी ही मंडळी प्रयोगशाळेपर्यंत पोचली तर मनुस्मृतीला इनक्युबेटर मिळेल. स्त्रीबीज किंवा शुक्राणू दाता निवडताना जोडपी जात विचारतात, हे वर्तमानपत्रांत वारंवार येऊन गेले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जात दिसत नाही हे त्यांना सांगायला आत कोणीतरी हवे की नको?

मेरिटवाल्यांचा आक्षेप आम्हाला पाठ आहे. इतक्या नाजूक कामात आरक्षण कशाला, म्हणे. नागपूरच्या विज्ञान संस्थेत गोपालकृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली वटवाघळांच्या भ्रूणवाढीवर अनेक दशके काम झाले. गर्भाचा एकेक टप्पा मेणात बसवायचा, पातळ काप काढायचे, रंगवायचे, क्रमाने लावायचे. विदर्भातल्या सरकारी प्रयोगशाळेतून निघालेले हे काम जगभर वाचले गेले. ते शिकायला लागली ती चिकाटी आणि शिकवणारा माणूस. देणगीची पावती लागली नाही. नागपूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.त सस्तन प्राण्यांच्या प्रजननाचा विशेष विषय घेता येतो, आपली मुले तो घेतातही. मेण कापणाऱ्या हातांना सुई धरता येत नाही, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आपल्याच लोकांचा आक्षेप वेगळा असतो. आधी अत्याचार थांबवा, आधी नोकऱ्या, मग हे चोचले. आम्ही त्यांना एवढेच विचारतो की २०२३ मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी ८६१ संशोधक मुंबईच्या आझाद मैदानावर बसले होते, ते काय चोचल्यासाठी? ते बसले म्हणून सगळ्यांची फेलोशिप सुटली. त्या ८६१ मध्ये प्रजननशास्त्रावर काम करणारे किती होते, ते हाताच्या बोटांवर मोजता यावे, अशी आम्हाला शंका आहे. सामाजिक शास्त्रे आपण भरून काढली, ते उत्तमच. आम्हीही त्यातलेच. पण आपल्या शोषणावर प्रबंध लिहिणारे आपण आणि आपल्या पेशींवर प्रबंध लिहिणारे दुसरे, ही वाटणी कोणी ठरवली?

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. खासगी आणि अभिमत संस्थांतल्या भ्रूणशास्त्र व प्रजनन जीवशास्त्राच्या जागांना आरक्षण आणि पूर्ण शुल्कमाफी, तोवर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हे अभ्यासक्रम सुरू करा. नागपूरला शासकीय महाविद्यालय आहे, तिथून सुरुवात होऊ शकते. बार्टीने एमपीएससीच्या क्लासवर जसा पैसा लावला तसा परळच्या संस्थेसारख्या ठिकाणच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणावर लावावा. पीएच.डी.च्या कोर्सवर्कला २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार किमान १२ श्रेयांक आहेत, त्यात संशोधन नीतिमत्ता सक्तीची आहे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या तासांत आणीबाणीतली नसबंदी, बीडच्या पिशव्या आणि सेवाग्रामचा कौमार्य चाचणीचा लढा शिकवला गेला पाहिजे. स्त्रीबीजदात्रीचे वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच दान, सातपेक्षा जास्त बीजे काढायची नाहीत, बारा महिन्यांचा विमा, हे २०२१ च्या कायद्यातले हक्क वस्तीतल्या बाईला तिच्या भाषेत कळले पाहिजेत. दलाल वस्तीत येतो तेव्हा कायद्याचे पुस्तक घेऊन येत नाही.

आणि जे सरकारकडे मागायची गरज नाही, ते आपण या उन्हाळ्यात सुरू करू शकतो. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलेल्या आपल्या मुलींची यादी करा. प्रत्येकीला तिसऱ्या वर्षालाच जेआरएफची ओळख करून द्या. ती मिळाली तर महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात, बापाला जमीन विकावी लागत नाही. बुद्धविहारात धम्मवर्गाला येणाऱ्या बायांसमोर त्यातल्याच एका मुलीला उभे करा आणि पाळी, गर्भ, सिकलसेल यावर तासभर बोलू द्या. पहिल्या वेळी म्हातारे उठून बाहेर जातील. जाऊ द्या. आर्वी, देवळी आणि हिंगणघाटची यादी आम्ही हातात घेतली आहे. सेलू, आष्टी, कारंजा, समुद्रपूर आणि वर्ध्याला माणसे हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी मे महिना उजाडायच्या आत कळवा, कारण प्रवेशाचे अर्ज जूनमध्येच सुटतात.